कवठे येमाईत राहून व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी कशी करावी (नवशिक्यांसाठी)

ज्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे ते लगेच ओळखू येतात. एमबीए झालेलं असतं, नगर रस्त्यावरच्या एखाद्या विनाअनुदानित कॉलेजात तात्पुरती नोकरी असते आणि ‘पीएचडी करून घ्या, मग बघू’ असं संस्थेने तोंडी सांगितलेलं असतं. ‘मग बघू’ लेखी मागू नये, संबंध बिघडतात.

गावात राहून जमेल का, ही पहिली शंका. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्यांचंही सगळ्यांचं जमतं असं नाही. कवठ्याहून विद्यापीठात जायला दोन रस्ते आहेत. एकावर शिक्रापूर-वाघोलीची कोंडी आहे, दुसऱ्यावर चाकणची. दोन्हींत पीडीएफ वाचून होतात. शिवाय आपल्याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग येऊन राहिले होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएचडी, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी, आणि ती सोडून १९८३ साली दुष्काळी पाबळात विज्ञान आश्रम. शाळा सुटलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवायचं, असा त्यांचा प्रयोग. लोक पदवी घेऊन गावाबाहेर जातात, हा माणूस पदवी घेऊन गावात आला. नवशिक्यांनी एवढं करायची गरज नाही. पण ‘खेड्यात कसलं आलंय संशोधन’ असं कुणी म्हणालं तर हे नाव ऐकवायला बरं पडतं.

नियम आणि घरचे

यूजीसीची नियमावली २०२२ ची आहे. किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन. घरी मात्र ‘दोन वर्षांत होऊन जाईल’ असं सांगायची प्रथा आहे, ती मोडू नये. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. कांदा काढणी त्यात धरलेली नाही.

गाईड

प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी, एवढीच मुभा असते, त्यामुळे बहुतेकजण ‘जागा आहे का सर?’ इथूनच सुरुवात करतात. त्याआधी सरांचे किंवा मॅडमचे दोन पेपर वाचावेत. मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून किती वर्षं लागली ते विचारावं, आणि चहा अर्धा झाल्यावर, या काळात सरांची काय काय कामं केलीत ते विचारावं. दुसऱ्या उत्तरावरून पहिलं समजतं.

कौशल्यविकास

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, जास्तीत जास्त १६ चं. पास व्हायला ५५ टक्के. दोन क्रेडिट संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेची असतात. ती ऑनलाइन करता येतात आणि व्हिडिओ दुप्पट वेगाने बघता येतात.

कार्यशाळा दहाची असते, म्हणजे साडेअकराला सुरू होते. समई, सरस्वतीची तसबीर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचयात त्यांच्या पेपरांची संख्या. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा एका उपमुख्यमंत्र्यांनी ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ असा सवाल केला होता. विद्यार्थी चिडले, पण वस्तुनिष्ठ उत्तर कुणी दिलं नाही. दर कार्यशाळेत एक, पाच वातींचा.

जेवणानंतर एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर असतं. कुठलं बटण दाबायचं ते सर पडद्यावर दाखवतात. कधी दाबू नये, ते जेवणाच्या रांगेत एखाद्या थकलेल्या सिनिअरकडून कळतं, तेव्हा रांगेत उभं राहताना जागा बघून राहावं. प्रमाणपत्र फीडबॅक फॉर्म भरल्यावरच डाउनलोड होतं. फीडबॅकमध्ये सगळीकडे ‘उत्कृष्ट’ भरलं जातं. मोजमापाच्या पद्धतीचा हा तुमचा पहिला प्रत्यक्ष अनुभव.

विषय

विषयासाठी रांजणगाव एमआयडीसीत जाऊ नका. सगळे तिथेच गेलेत. प्रश्नावलीचा गठ्ठा दिसला की एचआरवाले मीटिंगमध्ये जातात.

आपल्या गावात बघा. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी वगनाट्यं, गवळणी, लावण्या लिहून तमाशाच्या फडांना दिल्या आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या लेखनावर मराठी विभागवाल्यांनी काम करावं. तुम्ही फडाच्या हिशेबावर करा. मोठा फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, तंबू, जनरेटर. दसऱ्याला बाहेर पडायचं, वैशाखात परतायचं. कलाकाराला हंगामाआधी उचल द्यावी लागते, आणि ती फडमालकाने बऱ्याचदा व्याजाने काढलेली असते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि सुपारी ठरते. एकाच तिथीला किती तरी गावांची यात्रा. कुणाची सुपारी घ्यायची, कुणाला हात जोडायचे, आदल्या रात्रीच्या गावाहून ट्रक वेळेत पोहोचेल का, वळीव आला तर पैसे कुणाचे बुडणार, नाचणाऱ्या पोरीला ताप आला तर बदली कोण. फडात मॅनेजर नावाचा माणूस असतो आणि हे सगळं त्याच्या वहीत असतं. किंमत ठरवणं, खेळतं भांडवल, मनुष्यबळ, वाहतूक, जोखीम : एमबीएच्या चार सेमिस्टरांना पुरून उरेल एवढी वही. ती त्याने कधी कुणाला दाखवली नाही, कारण कुणी मागितली नाही.

संशोधन सल्लागार समितीत हा विषय मांडलात की ‘यात मॅनेजमेंट कुठाय?’ असा प्रश्न येईल. तेव्हा वहीबद्दल बोलू नये. शीर्षक असं द्यावं : ‘हंगामी मनोरंजन उपक्रमांतील जोखीम-व्यवस्थापन पद्धतींचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ पुणे जिल्हा’. ‘चिकित्सक’ आणि ‘विशेष संदर्भ’ गाळून आजवर कुणी नशीब आजमावलेलं ऐकिवात नाही.

विषय नामंजूर झाला तर कांदा घ्यावा. कांदा नामंजूर होत नाही.

आधीच्यांनी काय लिहिलंय

विषय कुठलाही असो, दुसऱ्या प्रकरणात मुंबईचे डबेवाले येतातच. साहजिक आहे, ते आपल्याकडचेच. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले. ‘फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्मा दर्जा दिला’ हे वाक्य तुम्हाला प्रबंधांत, पॉवरपॉइंटांत, वक्त्यांच्या तोंडी, सगळीकडे भेटेल. ते उतरवून घेण्याआधी मूळ लेखापर्यंत चालत जा. लेख १९९८ चा, सुब्रत चक्रवर्ती यांचा. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असं त्यांनीच नंतर स्पष्ट केलंय. त्यांनी डबेवाल्यांच्या संघटनेच्या प्रमुखांना विचारलं होतं, चूक कितीदा होते? उत्तर आलं, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी. त्यावर रोजचे पावणेदोन लाख डबे धरून त्यांनी हिशेब मांडला : ऐंशी लाख खेपांत एक चूक, आणि डबा परतही जातो म्हणून एक कोटी साठ लाखांत एक. पुढे कुठल्याशा परिषदेत सिक्स सिग्माचा विषय निघाला, कुणा वार्ताहराने फोर्ब्सच्या नावाने प्रमाणपत्र देऊन टाकलं, आणि ते अजून फिरतंय.

डबेवाल्यांचं काम यामुळे कणभरही कमी होत नाही. हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर केस लिहिली ती उगाच नाही. पण ज्या आकड्यावर तुमचं पान उभं आहे तो एका माणसाच्या ‘क्वचितच होते हो’चा गुणाकार आहे. तेव्हा ज्याचा संदर्भ द्याल ते उघडून वाचा. यात फार वेळ जातो. इतरांचं लवकर होतं ते यामुळेच.

प्रश्नावली

सहमत ते असहमत अशी पाच खणांची पट्टी रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये आणली, आणि तीही त्याच्या पीएचडीच्या कामातून. त्यामुळे पीएचडीला ती लागतेच असा समज आहे. नमुना ३८४ जणांचा घ्यावा. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येलाही ३८४ पुरतात. हा आकडा खरा आहे, फक्त माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली असावीत अशी त्याची अट आहे. व्हॉट्सअॅपवरचे मामेभाऊ, त्यांचे मित्र आणि जिममधले लोक मिळून ३८४ भरतात, पण अट भरत नाही. ही अट प्रबंधात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या उपशीर्षकाखाली दोन ओळींत पुरावी.

मग क्रॉनबाखचा आल्फा काढा. ०.७ च्या वर आला की सगळे खूश. एक गंमत माहीत असू द्या : एकाने न वाचता सगळीकडे ‘सहमत’वर टिक केली, दुसऱ्याने तशीच ‘तटस्थ’वर आणि तिसऱ्याने ‘पूर्णतः सहमत’वर, तर आल्फा झकास येतो. कंटाळ्यातही सातत्य असतं आणि आल्फाला सातत्य आवडतं.

फिल्ड

शेवटी कांदाच घेतला असेल, तर बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन सकाळी दूध डेअरीवर उभे राहा. प्रश्न क्रमांक सतरा : ‘साठवणुकीच्या निर्णयप्रक्रियेत बाजारभावाच्या माहितीची भूमिका महत्त्वाची असते.’ दूध घालायला आलेले आण्णा किटली मापात रिकामी करतात, फॅटची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून बघतात, मनात काहीतरी वजा करतात आणि म्हणतात, ‘तू शिकल्याला हायेस, तुला वाटंल तिथं टिक कर.’

टिक करू नका. फॉर्म पिशवीत घाला, दोन चहा सांगा आणि विचारा, ‘आण्णा, भाव पडलेला असताना मार्चात कांदा मंचरला नेला कशाला?’

‘मग सोसायटीचं नवं-जुनं कोण करणार, तू?’

मार्चअखेर पीककर्ज भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. म्हणून माल भाव बघून गेला नाही, कॅलेंडर बघून गेला. ॲपवर भाव त्यांना रोज दिसत होता. तुमच्या बेचाळीस प्रश्नांत सोसायटी कुठेच नव्हती, कारण प्रश्नावली ज्या प्रबंधावरून घेतली त्या गावात ती नव्हती. आण्णांचं वाक्य त्यांच्या शब्दांत वहीत उतरवा, तारीख टाका. याचा आल्फा निघत नाही, पण पाचव्या प्रकरणात नवं सांगण्यासारखं तुमच्याकडे हेच असेल.

संध्याकाळी वस्त्यांवर जाऊ नका. बिबट्याची भीती या भागात खरी आहे. लोक उजेडात घर गाठतात, त्यांना प्रश्नावलीसाठी दारात उभं करू नये. आणि शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, ते आधी विचारून घ्या. रात्रभर मोटारीवर जागलेला माणूस सकाळी सगळ्याच विधानांशी सहमत असतो.

छापून आणणे

प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. ही बातमी सगळ्या गाईडपर्यंत पोहोचलेली नाही. ‘४८ तासांत स्वीकृती’ असा मेल आला तर ओळखा की वाचणारं कुणी नाही, फक्त मोजणारं आहे. यूजीसीच्या जुन्या यादीत विद्यापीठांनी घुसवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ तपासली गेली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाला उतरली नाहीत. २०१८ मधला तो अभ्यास पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा. त्यानंतर आलेल्या ‘केअर’ यादीचा कक्षही पुण्यातच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली. आता चांगलं-वाईट ज्याने त्याने वाचून ठरवायचं आहे, त्यामुळे सगळीकडे घबराट आहे.

उसनवारी पकडणारं सॉफ्टवेअर १० टक्क्यांपर्यंत गप्प बसतं. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द.

व्हायवा

मौखिक परीक्षा खुली असते, प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी येऊन बसू शकतात. आण्णांना बोलावायचं असेल तर बोलवा, पण तेही प्रश्न विचारतील हे लक्षात ठेवा. परीक्षक नमुना ३८४ च का ते विचारतील, त्याचं उत्तर पाठ असावं. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो. तिथून पुढच्याला तुमची प्रश्नावली मिळते.

गावात फ्लेक्स लागतो. ‘डॉ.’ मोठ्या टाइपात, गॉगलवाला फोटो, शुभेच्छुकांत आजी-माजी सरपंच, मित्रमंडळ आणि ज्यांनी फॉर्म भरायचं टाळलं ते सगळे. विषयाचं नाव टाकायचा आग्रह धरू नये. दीड ओळ जाते, आणि तेवढ्यात तीन शुभेच्छुक बसतात.