पाणी खंय सोडतलस?

आभाळातून पडणारं पाणी कुणाच्या बापाचं नसतं. आपल्या कौलांवर पडलं की ते घटकाभर आपलं होतं, आणि आपण लगेच ते शेजाऱ्याला देऊन टाकायच्या तयारीला लागतो. एरवी परड्यातली चार कोकमं देतानाही मनात मोजणारा आमचा सिंधुदुर्गातला माणूस पावसाळ्यात कर्णाचा अवतार होतो. जून ते सप्टेंबर त्याचं दान अखंड चालू असतं. फक्त उताराच्या दिशेने.

आमचं घर टेकाडाच्या मधल्या टप्प्यावर. वर तात्या, खाली अण्णा. त्यामुळे सकाळी तात्यांच्या पाण्याची तक्रार घेऊन वर चढायचं आणि संध्याकाळी अण्णांची ऐकायला खाली उतरायचं, हा आमचा आषाढातला व्यायाम. मे संपत आला, घर शाकारून झालं, लाकडं मांगरात गेली, की अण्णा गडग्याला टेकून अगदी सहज विचारतात, "काय रे, यंदा पाणी खंय सोडतलस?" प्रश्नात आपुलकी असते. थोडा नोटिशीचा मसुदाही असतो.

गणित मांडलं की अण्णांची बाजू पटते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, इतका सोपा हिशेब. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. जुलैत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर आमच्याकडे त्याची कुणी बातमीही करत नाही; पण तेवढ्यात छपरावरून ९,३०० लिटर पाणी उतरलेलं असतं. जवळजवळ एक टँकर! वर्षाचे ३,००० मिलिमीटर धरले तर असे तीस टँकर अण्णांच्या दिशेने रवाना होतात. आंबोलीत पाऊस ७,००० मिलिमीटरचा आकडा ओलांडतो. तिथले वरचे-खालचे शेजारी एकमेकांशी कसे बोलत असतील, याचा मी कधीकधी विचार करतो.

पन्हळ नव्हती तेव्हा हाच टँकर धारांधारांनी वाटून उतरायचा. नळीच्या कौलांच्या प्रत्येक सरीतून एक पागोळी, आणि प्रत्येक पागोळीने खळ्याच्या कडेला पाडलेला आपला एक खड्डा. ओळ इतकी सरळ की आमच्याकडचा कुणी गवंडी दोरी लावूनही तशी काढणार नाही. भिंतीवर हातभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे, जोतं ढासळू नये म्हणून वळचणीखाली मांडलेले चिरे. पहिले एक-दोन पाऊस कौलांवरची धूळ आणि पाखरांची घाण धुऊन गेले, की घरातली यच्चयावत भांडी पागोळ्यांखाली. पितळेच्या घागरीचा सूर वेगळा, ॲल्युमिनियमच्या टोपाचा वेगळा. रात्री भांडं भरत आलं की आवाज बदलायचा आणि आजी झोपेतूनच "बालदी बदल" म्हणायची.

मग पन्हळी आल्या. पोफळीचा बुंधा उभा चिरून, आतला गाभा कोरून केलेली पन्हळ मी पाहिली आहे. दोन-चार पावसाळे काढायची. नंतर जस्ती पत्र्याची आली, ती गंजली. आता पीव्हीसीची आहे, ती गंजत नाही, पण फणसाचं पान तिच्यातही तितक्याच प्रेमाने अडकतं. घरात एवढी माणसं असतात, पण नळाच्या तोंडावर नेमकं आडवं बसायचं कौशल्य फणसाच्या पानाइतकं कुणाकडेच नाही. ते बसलं की पन्हळ भरते, आणि मग तिची जी कड ओसंडते ती नेमकी पायरीवरची असते.

पन्हळीचा उतार हे मोठं नाजूक प्रकरण आहे. दहा फुटांना पाव ते अर्धा इंच. कमी झाला तर पाणी साचून डास होतात, जास्त झाला तर घरच कलल्यासारखं दिसतं. आमचा गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघतो. मला वाटलं, कड जरा वर हवी. तसं म्हटल्यावर तो वळूनही न बघता म्हणाला, "माका नको विचारू, पाण्याक विचार." इतका नि:पक्षपाती सल्लागार मला वकिलांतही भेटलेला नाही.

वकिलांचा विषय निघालाच आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम हा १८८२ चा कायदा, आणि त्यात उताराच्या पाण्याची दखल आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी ठरावीक पाटाने न जाता आपसूक खाली येत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. तात्यांना हे तोंडपाठ आहे. अडचण 'आपसूक' या शब्दाची. पन्हळ लावली, पाणी एका नळात गोळा केलं आणि नळाचं तोंड गडग्याकडे वळवलं, की निसर्ग संपला आणि कारस्थान सुरू झालं. उलट वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर चालू राहिला तर तो हक्कच होऊन बसतो. म्हणून आमच्याकडे दर पावसाळ्यात एकदा तरी भांडावं लागतं. त्यात राग नसतो, मुदत मोडायची असते.

शोषखड्डा काढा, असं पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा सांगतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरच्या सांडपाण्याला शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले, हे खरंच आहे. पण आमच्या जांभ्यात जुलैमध्ये जमीन स्वतःच गळ्यापर्यंत प्यालेली असते. खड्डा खणला तर पाणी आत जाण्याऐवजी खालून वर येतं आणि पाहुण्याला आपण विहीर दाखवतो.

हाच जांभा मेमध्ये कोरडा ठणठणीत असतो. घाटमाथा ते समुद्र जेमतेम पन्नासेक किलोमीटर. पडलेलं पाणी थांबायला जागा कुठे? व्हाळाने खाडी, खाडीने समुद्र. जुलैत तीस टँकर पाण्यावरून भांडलेले आम्ही मेमध्ये एका टँकरच्या रांगेत उभे राहून एकमेकांना "तुम्ही आधी घ्या" म्हणतो. छपराचं पाणी खडी-वाळूतून गाळून विहिरीत सोडलं तर पावसाच्या शेवटच्या सरींचं थोडंफार तरी मागे उरतं, म्हणून आता आमच्या नळाचं तोंड तिकडे वळवलं आहे. जास्तीचं पाणी अण्णांच्या माडांच्या आळ्यात जातं. त्यांना विचारूनच. ते म्हणाले, "ऑक्टोबरात सोड, तेव्हा होया." जुलैचं काय, ते बोलले नाहीत.

तात्यांकडे मात्र नवं प्रकरण उद्भवलं आहे. वानरांनी उड्या मारून कौलांचा चुरा केला, म्हणून ते छप्पर पत्र्याचं करणार आहेत. कौलांवर पाणी जरा रेंगाळतं. पत्र्यावरून ते असं सुसाट येतं की पन्हळीला ओलांडून थेट पुढे झेपावतं. परवा पत्रेवाला माप घ्यायला आला होता. त्याच्या टेपचं टोक दर खेपेला आमच्या गडग्याकडेच येत होतं. मी आत जाऊन चहा टाकला, तात्यांना हाक मारली, आणि अगदी सहज विचारलं, "काय तात्यानु, यंदा पाणी खंय सोडतलात?"