सर्व्हर गेला, सल्लागार राहिला

क्लाउड आला की कंपन्यांत सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या सल्लागारांची दुकाने बंद होणार, असे भाकीत होते. सर्व्हर घ्यायला नको, डेटाबेस बसवायला नको, मग यांना पोसायचे कशाला? हिंजवडीच्या आयटी पार्कमधली वाहतूककोंडी पाहता भाकीत फारसे फळलेले दिसत नाही.

पूर्वी ग्राहक म्हणे, 'आमची पद्धत अशी आहे', आणि सल्लागार मुकाट्याने सॉफ्टवेअर वाकवून देई. सॅप या कंपनी-कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा घरगुती प्रोग्रॅमांची नावे झेड किंवा वाय या अक्षराने सुरू होतात. मोठ्या कंपन्यांत त्यांची हजारोंनी पैदास झाली. लिहिणारे केव्हाच नोकरी बदलून गेले. आता तोच सल्लागार गंभीर चेहऱ्याने सांगतो, 'सॉफ्टवेअरच्या गाभ्याला हात लावू नका, तुमची पद्धत बदला.' वाकवण्याचे पैसे त्याने घेतलेच होते, आता सरळ करण्याचेही घेतो. दुसऱ्या बिलावर फक्त 'डिजिटल परिवर्तन' असे लिहिलेले असते.

खरे घोडे पेंड खाते ते डेटापाशी. एकच पुरवठादार जुन्या यादीत तीन स्पेलिंगांनी नांदत असतो, आणि त्यातला खरा कोणता हे फक्त निवृत्त झालेल्या अकाउंटंटला ठाऊक असते. हे कुठलाही क्लाउड निस्तरत नाही.

सॅपच्या ईसीसी या जुन्या प्रणालीच्या शेवटच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते. जादा पैसे मोजल्यास २०३० पर्यंत. तेव्हा नव्या प्रणालीवर जायची घाई होणारच. सल्लागाराच्या करारावर सही करण्याआधी एवढे मात्र विचारा : डेटा साफ कोण करणार? उत्तर बहुधा परिशिष्टात, बारीक अक्षरात असते : ग्राहक.