आबांनी बघितली काय?

आमच्या गल्लीत कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की पैशाच्या आधी आबांची सोय बघावी लागते. पैसे पतसंस्था देते, मेहुणा देतो, अगदीच अडलं तर सासरे देतात; आबांना मात्र पर्याय नाही. गाडी दारात आणून उभी केली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, तरी पेढा घेणारा प्रत्येक जण तो तोंडात टाकण्याआधी विचारतो, "आबांनी बघितली काय?" नाही म्हटलं तर पेढा खातात, पण गाडीकडं बघून 'असू दे, असू दे' म्हणतात. एवढ्यानं नव्या मालकाची रात्रीची झोप जाते.

आबांच्या स्वतःकडं गाडी नाही. कधी नव्हती. चारचाकीचं लायसन्सही नाही. उभी हयात कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर गेली. इंजिनाचे सुटे भाग त्यांनी पोत्यांनी कातले. ते पुढं कुठल्या गाडीत जाऊन बसले याची चौकशी कधी केली नाही. पण 'आपल्याशी लोखंड खोटं बोलत न्हाई' असा त्यांचा दावा आहे, आणि आमच्याकडं दावा पुरेशा मोठ्या आवाजात केला की अर्धा सिद्ध झालेला असतो.

गाडी बघायला जाताना आबांच्या खिशात तीन वस्तू असतात : दोरा बांधलेलं लोहचुंबक, पेनाएवढी बॅटरी आणि पांढरा रुमाल. रुमाल घाम पुसायला नसतो. इंजिन चालू करून तो सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा. कोरडी काजळी आली तर बोलणं पुढं न्यायचं. तेलकट डाग आला तर रुमालाची घडी घालून, मालकाकडं बघून फक्त मान हलवायची. ती मान बघून मालकानं आपण होऊन पाच हजार कमी केल्याचं मी पाहिलेलं आहे.

यंदा आबांच्या तावडीत मास्तर सापडले. मास्तरांची शाळा गगनबावड्याच्या वाटेवर. तिकडचा पाऊस म्हणजे मोटारसायकलवरच्या माणसाला शाळेत पोचेपर्यंत पिळून काढणारा. घरात चार वर्षांची मुलगी. बायको पतसंस्थेत कॅशियर. बजेट दोन लाख. दोन लाखांत गाडी येते हे मास्तरांना मोबाइलवरून कळलं होतं. त्या गाडीसोबत आणखी काय काय येतं हे सांगायला आबा होते.

आबांनी आधी जाहिराती वाचून घेतल्या. जुन्या गाडीच्या जाहिरातीत एकही वाईट शब्द नसतो आणि आबांच्या मते एकही चांगला नसतो.

"सिंगल हँड युज," मास्तरांनी वाचलं.

"मालक एकच असंल. ड्रायव्हर किती बदलले?"

"नॉन-ॲक्सिडेंट."

"कुठं आपटलीच न्हाई म्हणजे चालवलीच न्हाई."

"डॉक्टरांची गाडी आहे आबा."

"मग तर नकोच. डॉक्टर रात्री-अपरात्री गार इंजिन उठवून पळवतोय. बँक मॅनेजरची असली तर दर तीन वर्षांनी बदली, प्रत्येक गावचे खड्डे निराळे."

"मग कुणाची घ्यावी?"

"कुणाचीबी घ्या. मास्तराची सोडून. पेट्रोल वाचवायला उताराला न्यूट्रल करत्यात."

मास्तरांनी ही सूचना निमूट ऐकली. पुढं आपली गाडी विकायची वेळ आली तर जाहिरातीत व्यवसाय लिहायचा नाही, एवढं त्यांनी तिथंच ठरवलं असावं.

पहिली गाडी बघितली ती हायवेलगतच्या एका विक्रेत्याकडं. पत्र्याच्या शेडखाली ओळीनं वॅगन आर, सँट्रो, आय टेन, ऑल्टो. सगळ्या न्हाऊन-माखून, टायरना काळं पॉलिश लावून उभ्या. आबा एका वॅगन आरभोवती खासबागेच्या मैदानात सलामी झालेल्या पैलवानासारखे हात न लावता फिरले. मग एकदम बॉनेटवर उलटा हात ठेवला.

"मगाशीच फिरवून आणली काय?"

"व्हय आबा, तुमच्यासाठी तयार ठेवली."

"तापवून ठेवलीस. गार पडू दे. आम्ही चहा घेऊन येतो."

गार इंजिनच आपली खरी तब्येत सांगतं. गरम झाल्यावर सगळीच शहाण्यासारखी वागतात. इंजिन गार पडेपर्यंत आबांनी दोन चहा, एक भजी-प्लेट आणि विक्रेत्याचं गाव, भावकी, शेत असा सगळा सातबारा काढला.

परत आल्यावर चुंबकाची पाळी. पत्र्याला ते टक् करून चिकटतं. आत लांबी भरलेली असली की घसरतं. उजव्या दाराच्या मध्यावर चुंबक सुटून लोंबकळलं, तेव्हा आबांनी तिथं बोटानं दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "मास्तर, हे दार न्हाई, भिंत हाय." मग बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहिले : रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. काचांवरचे बारीक शिक्के वाचले : तीन काचा एका साली जन्मलेल्या, चौथी दोन वर्षांनी धाकटी. टायरवरचा चार आकडी नंबर वाचायला मास्तरांनाच खाली बसवलं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 3216 म्हणजे 2016 सालचा बत्तिसावा आठवडा. मास्तरांना हे गणित इतकं आवडलं की ते शेजारच्या गाड्यांचेही टायर वाचत सुटले.

मीटरवर रनिंग होतं अडतीस हजार. आबांनी बॅटरीचा झोत पायाशी टाकला. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. "अडतीस हजारात एवढं रबर झिजवायचं म्हणजे मालक ब्रेकवर उभा राहून गाडी चालवत हुता काय?" मास्तरीणबाई आतापर्यंत मुलीला सावरत मागं उभ्या होत्या. त्यांनी गाडीचा नंबर लिहून घेतला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीनं फोन लावला. चार वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगला या गाडीची नोंद होती एकाहत्तर हजार. गाडीचं वय वाढत होतं आणि रनिंग कमी होत होतं. विक्रेता म्हणाला, "मला तशीच आली." हे वाक्य त्या शेडखाली दिवसातनं किती वेळा वापरलं जात असेल, त्याचं मीटर मात्र कुणी ठेवत नाही.

आमच्या कोल्हापुरात गाडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो इतर गावांत सुचणार नाही. "2019 ला कुठं होती?" त्या साली ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी मागं टाकून शहरात शिरली, हायवे बंद पडला आणि कित्येक गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर गाड्या धुतल्या, वाळवल्या, अत्तरं मारली आणि त्यांतल्या काही 'शोरूम कंडिशन' झाल्या. आबा अशा वेळी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढतात. सगळं धुणारा माणूस बेल्टचं आतलं टोक धुवायला विसरतो. चिखलाचा पट्टा तिथं राहतो. मग स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांवरचा गंज, गालिचाखालचा वास. एका ऑल्टोचा बेल्ट ओढला तर शेवटच्या वीतभर भागावर पिवळसर रेघ. विक्रेता म्हणाला, "चहा सांडला असंल." आबा म्हणाले, "चहा सांडला खरा, पर पंचगंगेचा."

मधे मास्तरांना बेळगाव पासिंगची एक स्वस्त गाडी दिसली, गोव्याचीही एक दिसली. मास्तरीणबाईंनी ना-हरकत दाखला, इकडं नव्यानं भरायचा कर आणि बदलायचा नंबर यांची बेरीज कागदावर मांडली. स्वस्त गाडी जागच्या जागी महाग झाली.

दिवस चालले होते. आभाळ भरून यायला लागलं आणि आबा एकामागून एक गाड्या नापास करत होते. इथं आबांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. फार पूर्वी त्यांनी एकाची गाडी पास केली होती. त्या गृहस्थानं पुढं बॅटरी उतरली तरी आबांचं दार वाजवलं, उंदरानं वायर कुरतडली तरी वाजवलं, आणि नो पार्किंगमधून गाडी उचलून नेली तेव्हाही आधी पोलिसांकडं न जाता आबांकडं आला. होकार दिला की गाडीची जन्मभराची दुखणी आपल्या नावावर चढतात. नकाराला सर्व्हिसिंग लागत नाही. न घेतलेली गाडी वाईट निघाल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही, आणि म्हणून आबांचा निर्णय आजवर कधी चुकलेला नाही.

शेवटी ताराबाई पार्कातल्या एका निवृत्त साहेबांची ऑल्टो 800 बघायला गेलो. 2014 चं मॉडेल, घरची गाडी. साहेबांनी सर्व्हिसिंगच्या पावत्या फाइलला लावून ठेवलेल्या. आबांना फाइल बघून संशय आला. एवढा व्यवस्थित माणूस गाडी विकतोय कशाला? साहेब म्हणाले, "गुडघे. क्लच दाबवत नाही." बॉनेट गार होतं. चुंबक चिकटलं, फक्त डाव्या मागच्या दाराशी जरा रेंगाळलं. बेल्टचं टोक स्वच्छ.

"चला पन्हाळ्याला," आबा म्हणाले. आबांच्या लेखी सपाटीवरची ट्रायल ही ट्रायलच नव्हे. मास्तर चालवायला, शेजारी साहेब, मागं आबा, मी, आणि मास्तरीणबाई मुलीला मांडीवर घेऊन. 796 सीसीच्या तीन सिलिंडरना एवढं ओझं देणं मला क्रूरपणाचं वाटलं. आबांना शास्त्रीय वाटलं. चढ सुरू झाल्यावर साहेब हळूच म्हणाले, "एसी बंद करा." आबा म्हणाले, "राहू दे. ही पोरगी उन्हाळ्यात घाटात उकडत बसायची काय?" एका वळणावर मास्तरांनी दुसऱ्या गियरऐवजी चौथा टाकला, गाडी बंद पडली आणि मागं घरंगळू लागली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. साहेबांनी हँडब्रेक ओढला. गाडीत थोडा जळका वास पसरला.

वर पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "कशी वाटली?"

"मास्तर नापास," आबा म्हणाले. "गाडीचं सांगतो." आणि बोटं मोजू लागले : चारी टायर म्हातारे, बॅटरी शेवटच्या घटका मोजतीया, क्लच प्लेट गेल्यात जमा, पुढचे शॉकअप ठकठक वाजत्यात, डावं दार रंगवलंय. "ऱ्हाऊ द्या मास्तर. दुसरी बघू."

मास्तर गळाठले. मास्तरीणबाईंनी पर्समधून पेन काढलं.

"आबा, जरा सावकाश सांगा. टायरचे किती?"

"चारीचे बारा हजार धरा. पर घ्यायचीच न्हाई तर..."

"बॅटरी?"

"चार."

"क्लच?"

"सात."

"शॉकअप?"

"साडेतीन. आणि दार..."

"दार उघडतंय, लागतंय. त्याचे शून्य." त्यांनी रेघ मारली. "सव्वीस हजार पाचशे. साहेब, तुमचे दोन लाख दहा हजार. आबांच्या यादीप्रमाणं एक लाख त्र्याऐंशी हजार पाचशे होतात."

आबा बघतच राहिले. इतकी वर्षं ते दोष शोधत आले होते, पण दोषाला किंमत असते आणि ती समोरच्याकडून वळती करून घेता येते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंचं म्हणणं सरळ होतं. "आबा, बिनदोषाची गाडी शोरूममध्ये मिळते, ती आम्हाला परवडत नाही. तुम्ही गाड्या नापास करताय, पण पाऊस कुणी नापास करत नाही."

साहेब एक पंच्याऐंशीला तयार झाले. मास्तर लगेच हात पुढं करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट तुम्ही बसवून द्यायची. 2019 च्या एप्रिलच्या आधीची गाडी आहे."

कागदांचा कारभारही मग त्यांनीच हातात घेतला. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म 35, इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर. साहेबांचा नो क्लेम बोनस साहेबांचाच. तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. साहेब म्हणाले, "ट्रान्स्फर सवडीनं करा, आपण काय परके आहोत?" तेव्हा बाईंनीच त्यांना समजावलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणं आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. "आमच्या ह्यांचं ड्रायव्हिंग तुम्ही घाटात बघितलंय." साहेब दुसऱ्याच दिवशी सकाळी कार्यालय उघडण्याआधी रांगेत हजर.

गाडीला जोतिबावर नेऊन गुलाल लावून आणला. पेढे वाटताना नेहमीचा प्रश्न आला, आणि आबांनी मास्तरांना बोलूच दिलं नाही. "बघितली म्हणजे? मीच काढून दिली. सत्तावीस हजाराची यादी केली तवा पंचवीस हजार उतरले." मास्तरांनी मान डोलावली. वाद घालून उपयोग नव्हता, शिवाय तेव्हा हॉर्न वाजत नव्हता आणि तो बघायला आबाच लागणार होते.

आबांचा भाव त्यानंतर वाढलाच. परवा वरच्या आळीतला एक पोरगा आला. नोकरीला नुकताच लागलेला, सँट्रो बघायला यायची विनंती करत होता. आबांनी चुंबकाचा दोरा गुंडाळत त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो की. पर आधी मास्तरीणबाईंना विचारून ये, रविवारी मोकळ्या हायत काय. आपलं काम नुसतं नापास करायचं हाय. मार्क त्या देत्यात."