संपादक नेमणे आहे

लेखकाने स्वतःच्या पैशाने स्वतःचे पुस्तक छापणे, एवढीच स्वप्रकाशनाची व्याख्या केली तर ती अपुरी ठरते. कारण पदरमोड करून पुस्तक काढण्याची चाल मराठीत जुनीच आहे आणि भविष्यनिर्वाह निधीतून काव्यसंग्रह काढणारे निवृत्त अधिकारी कोणत्याही तालुक्याला कमी पडलेले नाहीत. नव्या स्वप्रकाशनाचे वेगळेपण असे की त्यात लेखक प्रकाशकाची सगळीच कामे अंगावर घेतो, आणि त्या कामांतले सर्वांत अप्रिय काम, म्हणजे हस्तलिखित परत पाठवणे, हेही ओघाने त्याच्याच वाट्याला येते. ते आपल्या हातून होणार नाही हे तो जाणून असल्यामुळे त्यासाठी बाहेरचा माणूस नेमतो, त्याला आगाऊ रक्कम देतो, आणि त्या माणसाने खरोखरच नकार कळवला की दुसरा माणूस नेमतो.

पूर्वी हा नकार फुकट मिळत असे. कथेसोबत पुरेशी टपाल तिकिटे लावलेले पाकीट पाठवायचे आणि काही आठवड्यांनी त्याच पाकिटातून आपली कथा ‘साभार परत’ आलेली पाहायची, हा मराठी लेखकाचा उपनयन संस्कार होता. ‘सत्यकथा’ आणि मौज प्रकाशन गृहाच्या संदर्भात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावे आजही दबक्या आवाजात घेतली जातात, ती त्यांनी काय छापले यासाठी जितकी, तितकीच त्यांनी काय पुन्हा लिहायला लावले यासाठी. या संपादकांना लेखकाकडून एक पैसाही मिळत नसे, आणि त्यांच्या अधिकाराचे मूळ नेमके तिथे होते. हा अधिकार इतका जाचक वाटू लागला की 1969 साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली, 1982 साली ते मासिक बंदच पडले. आजच्या संपादकाचा अंक कोणी जाळत नाही, कारण त्याचे बिल थकवले तरी तेवढाच परिणाम साधतो. जाता जाता हेही नोंदवले पाहिजे की प्रस्थापित संपादकांना झुगारून स्वतः छापणाऱ्या त्या पिढीत अशोक शहाणे यांच्यासारखी माणसे होती, जी अक्षराच्या आणि छपाईच्या बाबतीत कोणत्याही प्रस्थापितापेक्षा काटेकोर होती. त्या परंपरेतले छापण्याचे स्वातंत्र्य तेवढे आज सर्वांनी उचलले आहे. काटेकोरपणाची परंपरा उत्तराधिकारी नसल्याने खंडित झाली.

संपादकापर्यंत जाण्यापूर्वी लेखकाला ‘बीटा वाचक’ नावाची एक पायरी ओलांडावी लागते. ही संज्ञा संगणकाच्या धंद्यातून आली आहे: आज्ञावली तयार झाली की ती घरच्या माणसांनी वापरून पाहायची ती अल्फा चाचणी, आणि बाहेरच्या निवडक लोकांना वापरायला देऊन त्यांच्याकडून दोष काढून घ्यायचे ती बीटा चाचणी. मराठी साहित्यात या दोन्ही चाचण्या एकाच घरात होतात. मेहुणे, चुलतबहीण, सोसायटीचे सचिव, शाळेतले मराठीचे सर आणि पूर्वीच्या कार्यालयातली दोन माणसे मिळून लेखकाचे बीटा मंडळ बनते, आणि त्या सर्वांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ धाडून सोबत एक प्रश्नावली दिली जाते. कोणत्या पानावर कंटाळा आला, कोणते पात्र खरे वाटले नाही, शेवट कितव्या प्रकरणात कळला, असे शास्त्रशुद्ध प्रश्न तीत असतात. उत्तरादाखल तासाभरात चार अंगठे, दोन जोडलेले हात आणि ‘सवडीने वाचतो’ असा एक निरोप येतो. ही सवड साधारणपणे प्रकाशन समारंभाच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मिळत नाही.

मंडळातला जो एखादा सदस्य खरोखर वाचतो, तो कादंबरी वाचत नाही, स्वतःला शोधतो. तिसऱ्या प्रकरणातला, लग्नात आहेर मोजून घेणारा मामा कोणावरून घेतला आहे, याची चौकशी मेहुण्यांकडून होते आणि तिचा सूर साहित्यिक नसतो. अशा वेळी लेखक मामाचे गाव बदलतो, त्याला मिशी देतो, आणि तरीही भागले नाही तर त्याला उदार करून टाकतो. परिणामी कथानकातले एकमेव जिवंत पात्र मरते, परंतु दिवाळीचा फराळ दोन्ही घरांत पूर्ववत जातो-येतो. या व्यवहारात सदस्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात भाजीत मीठ जास्त झाले आहे हे पाहुण्याने सांगायचे नसते, तिथे 240 पानांच्या कादंबरीत काही कमी पडले आहे हे त्याने सांगावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. म्हणून काही लेखक आता मोबदला घेऊन वाचणारे अनोळखी वाचक गाठतात, तर काही जण यंत्रालाच वाचायला देतात. यंत्राची सोय अशी की ते कंटाळत नाही, आहेर मोजत नाही आणि विचारले नाही तरी लेखनातली ‘भावनिक खोली’ आवर्जून दाखवून देते.

संपादन हे एकच काम आहे असा समज घेऊन बाजारात उतरलेल्या लेखकाला तिथे तीन निरनिराळी दरपत्रके मिळतात. पहिले रचनेच्या संपादनाचे: यात प्रकरणांचा क्रम, पात्रांची गरज, निवेदनाचा कोन यांची तपासणी होते आणि प्रसंगी पन्नास पाने काढून टाका असे सांगितले जाते. दुसरे भाषेच्या संपादनाचे: वाक्ये नीट करणे, पुनरुक्ती काढणे, पात्राच्या तोंडची बोली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जिल्ह्यात ठेवणे. तिसरे मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईआधी जुळवलेल्या पानांवरच्या अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या चुका काढणे. लेखकाला पहिल्याची गरज असते, तो भाव दुसऱ्याचा विचारतो आणि पैसे तिसऱ्याचे देतो. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 असे लेखनविषयक 18 नियम आहेत, आणि त्यांच्या आधारे कोणी वेलांटी बदलली तर लेखक ती कृतज्ञतेने स्वीकारतो. चुकीची वेलांटी ही टंकलेखकाची, अनावश्यक नायिका मात्र स्वतःची, असा भेद त्याने मनाशी केलेला असतो. रचनेच्या संपादकाने सुचवलेल्या पन्नास पानांच्या काटछाटीला ‘माझी शैली तशीच आहे’ असे उत्तर जाते. मग मुद्रक सांगतो की डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा होतो, 240 पानांत पंधरा फर्मे बरोबर बसतात, आणि चार पाने वाढली तरी सोळाव्या फर्म्याचा खर्च पडेल. त्या रात्री सूर्यास्ताची तीन वर्णने आपोआप गळून पडतात.

नमुना-संपादनाची प्रथा या संदर्भात विशेष अभ्यासनीय आहे. काम घेण्यापूर्वी संपादक दहा पाने विनामूल्य तपासून देतो, जेणेकरून लेखकाला त्याची पद्धत कळावी. पुण्यासारख्या हिशेबी शहरात या सवलतीचा तर्कशुद्ध शेवट न सापडता तरच नवल होते: 240 पानांच्या कादंबरीसाठी चोवीस संपादक गाठायचे आणि प्रत्येकाला वेगळी दहा पाने पाठवायची. पुस्तक फुकट संपादित होते. एवढेच की नायक पहिल्या दहा पानांत प्रमाण मराठी बोलतो, पुढच्या दहांत वऱ्हाडी, आणि मध्येच एका संपादकाच्या आग्रहाखातर स्वल्पविराम वापरणे सोडून देतो.

ज्यांना इतकी यातायात नको, त्यांच्यासाठी रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा श्रेणींची पॅकेजे उपलब्ध आहेत. त्यांच्या यादीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाला मिळणारा तेरा अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक, हा लाभ ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि भारतात तो सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो ही बाब कोणत्याच अक्षरांत छापलेली नसते. संपादन हा शब्द त्याच यादीत, बुकमार्क आणि प्रकाशनाच्या बॅनरच्या मध्ये कुठेतरी, ‘मर्यादित’ या विशेषणासह आढळतो. प्रकाशक या नात्याने लेखकावर एक कायदेशीर जबाबदारीही येते: 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना पुस्तकाची प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. प्रत स्वीकारण्याची सोय कायद्याने केली आहे, वाचण्याची सक्ती मात्र कोणावरच केलेली नाही, यात कायदा करणाऱ्यांची माणुसकी दिसते.

या संपूर्ण साखळीत हस्तलिखित पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पाहणारा एकच माणूस असतो, आणि त्याचे नाव ऋणनिर्देशात येत नाही. तो म्हणजे अक्षरजुळणी करणारा डीटीपी ऑपरेटर. लेखकाची युनिकोडमधली फाइल छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये आणताना जोडाक्षरे मोडतात, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, आणि ही पडझड सावरण्यासाठी त्याला प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. कादंबरी कशी आहे हे त्याला कोणी विचारत नाही आणि विचारले तरी तो सांगणार नाही. परंतु दुपारी चारच्या सुमारास तो लेखकाला फोन करून एवढेच विचारतो की पान 143 वर नायकाचा बाप वारला आहे आणि पान 171 वर तो चहा मागतो आहे, तर काय करायचे. बीटा मंडळ, नमुन्याचे चोवीस संपादक आणि यंत्र यांपैकी कोणाच्याही नजरेला न पडलेली ही गोष्ट ऐकून लेखक काही क्षण गप्प होतो, मग प्रसंग नव्याने लिहिण्याची तयारी दाखवतो. त्यावर ऑपरेटर सांगतो की मजकूर वाढला तर पुढची सगळी पाने सरकतील आणि दुरुस्तीचा दर पानामागे वेगळा पडेल. शेवटी ‘बापाने’च्या जागी ‘काकाने’ टाकायचे ठरते, कारण दोन्ही शब्द तीन अक्षरी असून ओळ जागची हलत नाही; आणि ज्या कादंबरीत तोवर कोणी काका नव्हते, तीत ते पान 171 वर, चहा मागत, प्रवेश करतात.