अभ्यासाच्या लॅपटॉपचे अर्थशास्त्र

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात लॅपटॉपची खरेदी बहुधा बारावीचा निकाल आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेऱ्या यांच्या दरम्यान होते. तिचे घोषित प्रयोजन अभ्यास हेच असले, तरी ज्या यंत्राचा आग्रह धरला जातो त्याच्या कळफलकाखाली लाल-निळे दिवे लागत असतात, हा योगायोग विद्वानांनी आजवर दुर्लक्षिलेला आहे. या व्यवहारात तीन पक्ष असतात. पहिला पैसे देणारा. त्याचे अंदाजपत्रक पन्नास हजारांपासून सुरू होते, साठ हजारांपाशी रागावते आणि पासष्ट हजारांवर सही करते. दुसरा खेळणारा, त्याला काय हवे हे नेमके ठाऊक असते, परंतु ते कशासाठी हवे हे सांगण्याची त्याला मुभा नसते. तिसरा सल्लागार, म्हणजे हिंजवडीला आयटी कंपनीत नोकरी करणारा आतेभाऊ. तो कार्यालयाने दिलेलाच लॅपटॉप वापरत असल्याने त्याने स्वतः कधी एकही विकत घेतलेला नसतो, आणि म्हणूनच त्याचे मत निःपक्षपाती मानले जाते. या तिघांच्या वाटाघाटींतून जे यंत्र घरात येते, त्याची निवड तांत्रिक कारणांपेक्षा कौटुंबिक कारणांनीच अधिक ठरते, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

प्रथम खेळाची गरज पाहणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण वादात तिचाच विचार सर्वांत कमी होतो. ज्या खेळात खेळणाऱ्यांची यंत्रे इंटरनेटद्वारे एका मध्यवर्ती संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडलेली असतात आणि एकाची हालचाल इतरांना जवळजवळ तत्क्षणी दिसते, तो ऑनलाइन खेळ होय. असे अनेक खेळ फुकट वाटले जातात आणि त्यांचे निर्माते पात्रांचे पोशाख व बंदुकांची रंगरंगोटी विकून पैसा मिळवतात. त्यामुळे अधिकाधिक साध्या यंत्रांवर खेळ चालावा यातच त्यांचे हित असते. रायट गेम्स या कंपनीने जून २०२० मध्ये आणलेल्या ‘व्हॅलोरंट’च्या किमान गरजांच्या यादीत इंटेलच्या एचडी ४००० या ग्राफिक्सचे नाव आहे, जे २०१२ सालच्या लॅपटॉपांत मिळत असे, आणि त्यावर पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे उमटावीत, म्हणजेच ३० एफपीएस मिळावेत, एवढीच अपेक्षा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला ‘काउंटर-स्ट्राइक २’ याहून खादाड असून त्याला ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, आणि साठवणुकीत ८५ जीबी जागा लागते, तरी तोही लॅपटॉपकडून उपग्रह सोडण्याची अपेक्षा करीत नाही. ही माहिती कुटुंबासमोर कधीच येत नाही, कारण पैसे देणाऱ्याला ती ठाऊक नसते आणि खेळणाऱ्याला ती सोयीची नसते. खेळणाऱ्याची बाजू अगदीच लटकी आहे असेही नाही. सेकंदाला ३० चित्रांवर खेळणाऱ्यास शत्रू कोपऱ्यावर दिसेपर्यंत त्याचा स्वतःचा अंत्यविधी उरकलेला असतो, आणि मित्रमंडळींत अशा मृत्यूबद्दल सहानुभूती व्यक्त करण्याची प्रथा नाही.

पैसे देणाऱ्याच्या मनात ऑनलाइन खेळ म्हटले की रमी उभी राहते, व ही भीती निराधार म्हणता येत नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली, आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्यावर आधारित संगणकीय खेळांच्या स्पर्धा, यांना निराळी मान्यता दिली. चिरंजीव या भेदाचा दाखला तत्परतेने देतात आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सना पदके होती, हेही जोडतात. त्यावर वडिलांकडून असे उत्तर येते की त्याच स्पर्धांत कबड्डीही होती, भारताने तिच्यात पुरुष व महिला अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली, आणि तिला चार्जर लागत नाही. या मुद्द्यावर आजवर कोणत्याही घरात समाधानकारक प्रत्युत्तर दिले गेल्याचे आढळत नाही.

यानंतर प्रकरण बाजारात जाते. मुंबईकर कुटुंब लॅमिंग्टन रोडला जाते, ज्याचे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे अधिकृत नाव तेथील पाट्यांखेरीज फारसे कोणी वापरत नाही. पुणेकर कुटुंब आधी सर्व संकेतस्थळांवरील भाव वहीत उतरवून घेते आणि मग दुकानदाराची परीक्षा घेण्यास निघते. दुकानात पहिला सामना प्रोसेसरशी, म्हणजे संगणकाची सर्व आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपशी, होतो. येथे आईचा तर्क असा की सात हा आकडा पाचापेक्षा मोठा असल्याने आय-सेव्हन हा आय-फाइव्हपेक्षा चांगला असला पाहिजे, आणि विक्रेत्याच्या मते वहिनींना सगळे अगदी बरोबर कळते. वस्तुस्थिती अशी की नावातील शेवटचे अक्षर हे पहिल्या आकड्याइतकेच बोलके असते. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-सेव्हन १२५५यू याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट असून आय-फाइव्ह १२४५०एच याची ४५ वॅट आहे. ‘यू’ची घडण बॅटरी पुरवून वापरण्यासाठी, तर ‘एच’ची दीर्घकाळ जोर लावण्यासाठी झालेली असते, आणि त्यामुळे खेळाच्या प्रदीर्घ कसोटीत धाकटा वाटणारा आय-फाइव्हच बहुधा सरस ठरतो. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू या चिपचे प्रकरण आणखी बोधप्रद आहे. तिच्या नावातील सात हा आकडा नवेपणा सुचवतो, परंतु आतली रचना कोणत्या पिढीची हे तिसऱ्या आकड्यावरून कळते, आणि तेथील दोन हा २०१९ मध्ये आलेल्या झेन-२ रचनेचा निदर्शक आहे. पत्रिकेतील छत्तीस गुण जुळवून पाहणाऱ्या समाजाला ही पद्धत अवघड वाटू नये, तथापि दुकानात गुरुजी नसतात.

दुसरा घटक ग्राफिक्सचा. पडद्यावरील चित्रे रचणारी यंत्रणा प्रोसेसरच्याच पोटात असल्यास तिला अंगभूत ग्राफिक्स म्हणतात, आणि ती स्वतंत्र चिपवर, स्वतःच्या स्मृतीसह बसवलेली असल्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अंगभूत ग्राफिक्सची स्थिती एकत्र कुटुंबातील न कमावत्या धाकट्या भावासारखी असते. त्याची स्वतःची मिळकत नसते, म्हणून तो मुख्य रॅममधून आपला वाटा उचलतो आणि महिनाअखेरीस सर्वांचीच ओढाताण होते. अशा लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी न बसवता दोन पट्ट्या बसवल्या, तर माहितीची ने-आण दोन मार्गांनी होऊन काही खेळांतील एफपीएस लक्षणीय वाढतात, ही अल्पखर्चिक युक्ती विक्रेता मोठा लॅपटॉप विकण्याची आशा मावळल्यानंतरच सांगतो. स्वतंत्र कार्डांत स्वस्त श्रेणीत एनव्हिडियाची आरटीएक्स २०५० आणि ३०५० ही दोन नावे वारंवार भेटतात. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या २०५० चे नाव मागील मालिकेचे, पण आतली रचना ३०५० च्याच पिढीची आहे, म्हणजे रायझनच्या बाबतीत नाव नवे व अंतरंग जुने असा जो प्रकार झाला त्याच्या नेमका उलट. अर्थात तिची स्मृतीशी जोडणारी वाट ६४ बिटांची, म्हणजे ४ जीबीच्या ३०५० च्या निम्मी, असल्याने या विनयाला काही आधार आहे. खुद्द ३०५० हे एकच नाव ३५ पासून ८० वॅटपर्यंतच्या निरनिराळ्या वीजमर्यादांवर विकले जाते, व तो आकडा खोक्यावरील सर्वांत लहान अक्षरांत असतो किंवा खोक्यावर नसतोच; परिणामी एकच कार्ड घेतलेले दोन मित्र परस्परांच्या एफपीएसवर संशय घेत राहतात.

तिसरा घटक उष्णता हा होय, आणि कौटुंबिक इतिहासात त्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो; या क्रियेला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि चंद्रपुरात मे महिन्यात, जेथे पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नित्याचे आहे, लॅपटॉपने मनुष्यवस्तीचा हा शिरस्ता उचलला याबद्दल त्याला दोष देता येत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन पंखे असतात. प्रबंध टंकलिखित करताना ते बहुधा निःशब्द असतात, परंतु खेळ सुरू होताच ते असा स्वर लावतात की स्वयंपाकघरात कुकरची शिटी मोजणाऱ्या आईला आतल्या खोलीत काय चालले आहे हे दार न उघडता कळते. संतती नियंत्रणासाठी नव्हे, तर संततीवरील नियंत्रणासाठी निसर्गाने दिलेले हे सर्वांत भरवशाचे उपकरण असून त्याचे पैसे निराळे आकारले जात नाहीत. शिवाय चार्जर काढताच अशा यंत्राची खेळण्याची ताकद पुष्कळशी ओसरते, म्हणून जेथे महावितरणचा पुरवठा अधूनमधून विश्रांती घेतो त्या गावांत अभ्यासाचे वेळापत्रक आपोआप आखले जाते.

किमतीच्या संदर्भात दोन मार्ग रूढ आहेत. पहिला ‘नो-कॉस्ट ईएमआय’चा, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांचा, ज्यात बँक व्याज घेतेच, परंतु विक्रेता तेवढीच सवलत आधी देऊन ते झाकतो, उरतो तो व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क, ज्यांचा शोध तिसऱ्या महिन्याचे बिल वाचताना लागतो. दुसरा मार्ग न्यू जर्सीच्या मावशीचा. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो, या नियमाच्या आधारे अनेक मावश्यांच्या बॅगांतील चॉकलेटांची जागा आजवर संकुचित झाली आहे. मात्र चार्जर येथील विजेवर चालत असला तरी त्याचा चपट्या काट्यांचा प्लग येथील भिंतीत बसत नाही, आणि वॉरंटी अनेकदा मावशीबरोबरच परत जाते.

एवढे करूनही जी गोष्ट ऑनलाइन खेळात सर्वांत निर्णायक असते ती दुकानात मिळतच नाही. तिला पिंग म्हणतात. खेळणाऱ्याच्या यंत्राकडून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ असा तिचा अर्थ असून तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून पुण्याहून मुंबईतील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास त्याला तत्त्वतः दीड-दोन मिलिसेकंद पुरावेत, जी गती द्रुतगती मार्गावरील कोणत्याही वाहनाला अद्याप साधलेली नाही. हा प्रकाश खंडाळ्याचा घाट सहज ओलांडतो आणि दिवाणखान्यातील राउटरपासून आतल्या खोलीतील लॅपटॉपपर्यंतच्या शेवटच्या वीस फुटांत, जेथे त्याचे वायफायच्या लहरींत रूपांतर झालेले असते, लोखंडी कपाटापाशी अडतो. त्याच सुमारास आजीचा मावशीशी व्हिडिओ कॉल सुरू झाल्यास पिंग तिप्पट होते, शत्रू हवेत गोठतो आणि आतून एक आर्त हाक ऐकू येते, जिचा आजी भलताच अर्थ लावते. या संपूर्ण व्याधीवर काहीशे रुपयांची लॅन केबल हा उतारा आहे. ती जोडण्याचे छिद्र अनेक सडपातळ लॅपटॉपांतून नाहीसे झाले असून जाडजूड गेमिंग लॅपटॉपांत ते बहुधा टिकून आहे, हा खरे तर चिरंजिवांच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद होता. परंतु दिव्यांच्या मोहात तो मांडला गेला नाही.

विवेकी कुटुंबाने म्हणूनच ‘एच’ अक्षराचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एसएसडी आणि वॅटचा आकडा लपवून न ठेवणारे ग्राफिक्स कार्ड एवढे पाहून सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या पडद्याचा हट्ट परवडत असेल तरच पुरवावा. असे यंत्र घरी आल्यावर दोन वर्षे ते ज्यासाठी घेतले त्याखेरीज सर्व कामे करते. त्यावर खेळ होतात, चित्रपट होतात, आणि घरातील सर्वांत वेगवान संगणक तोच असल्याने वडिलांचे आयकर विवरणपत्रही ३१ जुलैच्या रात्री त्यावरूनच भरले जाते. तिसऱ्या वर्षी मात्र अभ्यासक्रमात त्रिमितीय आरेखन येते, न्यूरल नेटवर्कला शिकवण्याचे प्रकल्प येतात, आणि असे लक्षात येते की ही अवजड आकडेमोड ग्राफिक्स कार्डावर उतरवणारी, एनव्हिडियाने २००७ मध्ये उपलब्ध केलेली क्युडा ही प्रणाली त्याच कंपनीच्या कार्डांवर चालत असल्याने वर्गातील ज्यांनी खेळांसाठी लॅपटॉप घेतले होते त्यांचाच अभ्यास वेगाने होतो. दुकानात चिरंजिवांनी जे कारण पूर्णतः रचून सांगितले होते, ते अशा रीतीने अक्षरशः खरे ठरते. रात्री अकरा वाजता प्रकल्प चालू होतो, कार्ड पूर्ण क्षमतेने राबू लागते, दोन्ही पंखे स्वर लावतात, आणि बाहेरून ‘बंद कर रे ते’ अशी आज्ञा येते. तीन वर्षांत प्रथमच निर्दोष असलेल्या विद्यार्थ्याने आपला बचाव मांडण्यास लागणारी पत तोवर पुरती खर्चून टाकलेली असते, आणि ती हप्त्यांवर देणारी कोणतीही योजना अद्याप बाजारात आलेली नाही.