ब्रेक फेल

आमचे मामा रेल्वेत ड्रायव्हर होते, आणि तेही इगतपुरीचे. त्यामुळे उताराची भीती दाखवून त्यांना घाबरवायला निघालेला सिनेमा सुरू होण्याआधीच अर्धा हरलेला असतो.

श्रावणातला रविवार होता. समोरचं घर दिसत नव्हतं, म्हणजे इगतपुरीच्या हिशेबाने बेताचा पाऊस. मामांच्या नातवाने पेनड्राइव्हवर ‘अ‍ॅटॉमिक ट्रेन’ आणला होता. एनबीसी या अमेरिकी वाहिनीने मे १९९९मध्ये दोन रात्रींत दाखवलेला, खास टीव्हीसाठी काढलेला आपत्तिपट. रॉकी पर्वताच्या उतारावर मालगाडीचे ब्रेक जातात, डब्यात चोरून चढवलेला रशियन अणुबाँब, आणि खाली डेन्व्हर शहर. नायक रॉब लोव.

मामांना इंग्रजी कळत नाही. पण ब्रेक कळतात.

“गेले म्हणजे? पाइपातली हवा गेली तर ब्रेक लागतो रे, सुटत नाही!”

मुद्दा बिनतोड होता. वेस्टिंगहाउसने १८७०च्या दशकात स्वयंचलित ब्रेक काढला तो याच तत्त्वावर. गळती झाली की गाडी आपली आपण थांबते. नातू म्हणाला, “आजोबा, ती थांबली तर सिनेमा कसा होणार?” हेही बिनतोडच.

“आणि यांची कॅच सायडिंग कुठाय?”

थळ घाटात, म्हणजे कसारा ते इगतपुरी, चढ आहे सदतीसास एक. १८६५पासून गाड्या तो चढताहेत. बहुतेकींना मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, ढकलतो म्हणून. उतरताना मात्र कॅच सायडिंगचा सांधा आधीपासून चढाच्या आडवाटेकडेच लावून ठेवलेला. गाडी थांबवून दाखवा, मगच पुढची वाट मिळेल. सुटलेली गाडी आडवाटेला चढून दमते. थोडक्यात, ड्रायव्हरवर विश्वास न ठेवण्याची ही दीडशे वर्षांची परंपरा, आणि मामांना तिचा फार अभिमान. डेन्व्हरवाल्यांनी सगळा भरवसा रॉब लोववर टाकला होता.

मला खटकलं ते वेगळंच. दर दहा-बारा मिनिटांनी कोणीतरी लोंबकळे, संगीत टिपेला जाई, पडदा काळा होई आणि क्षणात तोच माणूस तिथेच लोंबकळताना दिसे. जाहिराती नातवाच्या प्रतीत नव्हत्या. त्यांची भोकं तेवढी उरली होती. गाडीचे ब्रेक फेल, पण जाहिरातींचा एकही ब्रेक चुकला नव्हता! मामी प्रत्येक भोकात भजी तळून आणत होत्या, म्हणजे मूळ योजना त्यांनाच बरोबर समजली होती.

पण उगाच नावं कशाला ठेवा? तीन तासांचा अवकाश असल्यामुळे या सिनेमात मोठ्या पडद्यावर सहसा न दिसणारी गोष्ट दिसते: फोन. हा त्याला लावतो, तो साहेबाला, साहेब आणखी वरच्या साहेबाला. या फोनाफोनीत मामा पहिल्यांदा पुढे सरकून बसले. “हे खरंय,” ते म्हणाले. “अगदी असंच असतं.”

आणि ते सोडियम! गाडी शेवटी उलटते, बाँब मात्र शाबूत. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि आग विझवायला आलेलं हेलिकॉप्टर वरून पाणी ओततं. खाली गाडीतलं सोडियम. शाळेत रॉकेलच्या बाटलीतला तुकडा पाण्यात टाकला की नाचायचा, तेच. अणुयुगाचा घात शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चुकीने व्हावा, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

स्फोटानंतर मात्र गाडी गेली, बाँब गेला, गोष्टही गेली. उरली रस्त्यावर खोळंबलेली मोटारींची रांग.

“हे काय चाललंय?” मामींनी विचारलं.

“सगळं शहर एकदम निघालंय. रस्ता तुंबलाय.”

एव्हाना पाऊस ओसरला होता. मामींनी खिडकीबाहेर पाहिलं. हायवेवर मुंबईला परतणाऱ्यांचे दिवे कसाऱ्याच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकत होते.

“यांच्याकडे कुठला बाँब पडलाय?” असं म्हणून त्या उरलेलं पीठ तळायला गेल्या.