ताटीवाले काका

मार्च सरत आला की भंडाऱ्यात घरोघरी एकच काम निघतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा, टाकी घासायची, जुन्या ताट्या उपटून नव्या बसवायच्या. एका सकाळचं काम. आमच्या गल्लीतल्या काकांचं हेच काम होळीला सुरू होतं आणि मृग लागला तरी चालूच असतं, कारण काका कूलर विकत घेत नाहीत, घडवतात.

"कंपनीच्या कूलरमंदी असते का जी? एक पंखा, एक मोटर, तीन ताट्या. बाकी सारे पिलास्टिकचे पैसे!" हे ते दुकानात कूलर घ्यायला आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ऐकवतात. दुकानदाराने त्यांना खुर्ची देणं कधीच बंद केलं आहे.

शास्त्र मात्र त्यांचं पक्कं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती ओल्या ताटीतून जाणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. नवतपात बाहेर पारा 45 आणि हवेत ओल जेमतेम 15 टक्के असली, तर चांगली ताटी वारा 28 अंशांपर्यंत उतरवते. म्हणजे हवा जितकी कोरडी, तितका कूलर दमदार. मुंबईचा जावई आला की काका त्याला हे मुद्दाम समजावतात. मुंबईच्या दमट हवेत कूलर चालत नाही, यात त्यांना भंडाऱ्याचा विजय दिसतो. मृगानंतर आपल्याकडेही तीच गत होते, हे मात्र ते मानत नाहीत. तेव्हा म्हणे "मोटर कमी पडते".

खिडकीच्या कूलरचा मोठा दोष असा, की तो उभा असतो बाहेर. पाणी बाहेरून भरायचं, ताटी बाहेरून सारखी करायची. भर दुपारी घर आत गाढ झोपलेलं आणि काका डोक्याला दुपट्टा बांधून स्टुलावर, उन्हात. "हवा येऊन राह्यली का?" अशी हाक ते मारत. हवा उत्तम येत असल्यामुळेच आतून उत्तर येत नसे. शेवटी त्यांनी जाहीर केलं: यंदा कूलर घरात.

सांगाडा अँगलचा झाला, पंखा भंगारातून आला. प्रश्न टाकीचा होता. जस्ती पत्र्याला गंज चढतो. पितळेला चढत नाही. पितळी भांड्यांचं गाव आपलं, मग काकूंच्या माहेरचं गंगाळ काय पाप करतं?

"माज्या बापानं देल्लं गंगार हाये ते!" काकू म्हणाल्या.

"तुज्या बापाचंच नाव होईल जी," काका म्हणाले आणि त्यात मोटर सोडली.

थंडी बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावल्या. अर्धा तास स्वर्ग. मग चादरी दमट झाल्या, मिठाला पाझर फुटला, डब्याबाहेर राहिलेले पापड मऊ पडले आणि कुणाचाच घाम वाळेना. काका थर्मामीटरला नाक लावून, "पहा, पारा उतरला!" म्हणत होते. खोलीतलीच हवा गोल फिरत होती आणि एकदा भिजलेली हवा आणखी पाणी पीत नाही. काकूंना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी उठून कूलर खिडकीपाशी ओढला, त्याची पाठ बाहेरच्या हवेकडे केली, समोरचं दार सताड उघडलं आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशी काका गल्लीत सांगत होते, "कोरडी हवा आत घ्याले वाट पाहिजे, ओली बाहेर जाले वाट पाहिजे. मी शोधून काढलं."

एका बाबतीत मात्र या माणसाची थट्टा करवत नाही. पाणी, धातूची टाकी आणि वीज हे त्रिकूट जीव घेतं; कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. काका तीन पिनांच्या प्लगशिवाय आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मोटर लावत नाहीत. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी आधी टेस्टर काढतात. आठवड्यातून एकदा ते टाकी कोरडी करतात, कारण डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गल्लीतल्या निम्म्या कूलरांचं अर्थिंग त्यांनी फुकट करून दिलं आहे, व्याख्यानासकट.

गंगाळ काकूंना अजून परत मिळालेलं नाही. तुम्हालाही कूलरच्या पाण्यात हात घालायचा असेल तर बटण बंद करून भागत नाही, आधी प्लग काढा. आणि काकांना कूलर दाखवायचा असेल, तर अख्खी दुपार मोकळी ठेवून या. घरातलं पितळ तेवढं आधी लपवा.